आठवड्याचा प्रश्न

खेड्यातील जीवनाला आठवड्याचे एक माप असते. ज्या वारी बाजार भरतो, त्या वाराभोवती गावाची पुष्कळशी कामे फिरत असतात. मीठमिरची त्या दिवशी आणावयाची, विळ्याकोयत्यांना धार त्या दिवशी लावून घ्यावयाची, शेजारच्या गावी दिलेल्या लेकीची खुशालीही त्या दिवशीच विचारावयाची. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु आठवडी बाजाराची तेथील चाल त्याहून कितीतरी जुनी आहे. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत सात दिवस जातात. एखादी गोष्ट मनात घोळविण्यास हे सात दिवस फार नाहीत आणि थोडेही नाहीत.

शाळेतही हे माप वापरता येते. सोमवारी सकाळी फळ्याच्या एका कोपऱ्यात एक प्रश्न लिहावयाचा आणि तो शनिवारपर्यंत पुसावयाचा नाही, एवढीच त्याची रीत. शनिवारी शाळा बहुधा सकाळची असते, आणि २०२४ पासून तर राज्यातील पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही आला आहे. तेव्हा उत्तरे ऐकण्यास तो वार सोयीचा. मात्र हा प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायातला नसावा. ज्याचे उत्तर पुस्तकाचे पान उलटून मिळते, त्यासाठी सहा दिवस कशाला हवेत?

या प्रश्नाला एक पथ्य पाळावे लागते. पहिले दोन दिवस कोणीही उत्तर मोठ्याने सांगावयाचे नाही. वर्गात एखादा मुलगा हुशार असतो; तो चटकन उत्तर देतो आणि बाकीच्या चाळीस जणांचा विचार तेथेच थांबतो. उत्तर चूक असले तरीही तो थांबतो, ही त्यातली खरी हानी होय. म्हणून प्रत्येकाने आधी आपल्या वहीत निदान तीन निरनिराळी उत्तरे लिहावीत. पहिले उत्तर बहुधा सर्वांचे सारखेच येते. दुसऱ्यासाठी थोडे थांबावे लागते. आणि तिसऱ्यासाठी कल्पनाशक्तीला खरोखरीच हाक मारावी लागते. त्यानंतर प्रत्येक उत्तरासमोर आणखी एक ओळ लिहावी : 'काय दिसले तर मी हे उत्तर सोडून देईन?' ही ओळ लिहिणे सर्वांत कठीण असते. आपल्याच मुलाला परीक्षेस बसविण्यासारखे ते आहे.

अशा प्रश्नांची आवड आपल्या देशात नवी नाही. प्राचीन ग्रंथांत चौसष्ट कलांची जी यादी आढळते, तीत प्रहेलिका म्हणजे कोडी घालणे व सोडविणे ही एक कला आहे, आणि समस्यापूर्ती ही दुसरी. समस्यापूर्तीत एकाने श्लोकाचा एकच चरण द्यावयाचा आणि दुसऱ्याने उरलेले चरण असे रचावयाचे, की तो विचित्र वाटणारा चरण त्यात सहज बसून जावा. आजचे वाशीम त्या काळी वत्सगुल्म या नावाने प्रसिद्ध होते. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः कवी होता आणि 'हरिविजय' नावाचे काव्य त्याने प्राकृत भाषेत रचले होते. पुढे सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या पंडिताने 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने अशी कथा कल्पिली आहे, की काव्यपुरुष देशोदेशी हिंडत होता, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जात होती, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरीत त्या दोघांचा विवाह झाला. काव्याचे लग्न लावावयास त्या पंडिताला सबंध भारतवर्षातून वाशीमच सापडावे, ही गोष्ट वाशीमच्या मुलांनी लक्षात ठेवावी अशी आहे. याच नगरीचे नाव आणखी एका फार निराळ्या ग्रंथात येते. पण त्याकडे वळण्यापूर्वी एक कोडे सोडवू.

सकाळी उंच, दुपारी ठेंगणी, सायंकाळी पुन्हा उंच. उन्हात सोबत करते, अंधारात सोडून जाते. ती कोण?

सावली, हे तुम्ही केव्हाच ओळखले असेल. कोडे तेवढ्यावर संपते. परंतु कोड्याच्या पोटात कधी कधी एक प्रश्न लपलेला असतो, आणि तो मात्र तेवढ्यावर संपत नाही. सावली सर्वांत ठेंगणी नेमकी किती वाजता होते?

'बारा वाजता' हे उत्तर बहुतेकांच्या वहीत पहिले येईल. सूर्य डोक्यावर आला म्हणजे बारा वाजले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. आता हे उत्तर पारखावयाचे कसे? अंगणात एक सरळ काठी रोवून, तिला ओळंबा लावून ती ताठ आहे ना हे पाहावे. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करावी. पण यात एक अडचण येते. दुपारच्या सुमारास सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते, की सर्वांत लहान कोणती हे नजरेला सांगताच येत नाही. आपल्या जुन्या ज्योतिषांनी यावर एक सुरेख तोड काढली होती. काठीला ते शंकू म्हणत. शंकूच्या बुडाभोवती ते एक वर्तुळ काढीत. सकाळी सावली लांब असते. ती आखडत आखडत तिचे टोक वर्तुळाच्या रेषेवर येते, त्या क्षणी एक खूण. दुपारनंतर ती पुन्हा वाढू लागते आणि टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळाबाहेर जाऊ लागते, त्या क्षणी दुसरी खूण. या दोन क्षणांच्या बरोबर मध्ये मध्यान्ह असतो. समजा, पहिली खूण १० वाजून ५० मिनिटांनी झाली आणि दुसरी १ वाजून ५० मिनिटांनी. तर मध्यान्ह १२ वाजून २० मिनिटांनी झाला.

आणि वाशीमला खरोखरीच असे काहीसे घडते. बारा वाजता नव्हे, सरासरीने १२ वाजून सुमारे २१ मिनिटांनी तेथील सावली सर्वांत लहान होते. याचे कारण आपल्या घड्याळात आहे. साऱ्या भारतात एकच घड्याळ चालावे म्हणून ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरील वेळ सर्व देशाने आपली मानली आहे. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. वाशीम त्याच्या पश्चिमेस, ७७ अंशांच्या थोडे पुढे आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून मिर्झापूरला डोक्यावर आलेला सूर्य वाशीमच्या माथ्यावर येण्यास सुमारे साडेएकवीस मिनिटे लागतात.

येथे आणखी एक गंमत आहे. एका वर्गाने हा प्रयोग नोव्हेंबरच्या आरंभी केला, तर त्यांचे उत्तर १२ वाजून ५ मिनिटांच्या आसपास येईल. दुसऱ्या वर्गाने फेब्रुवारीच्या मध्यावर केला, तर ते १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास येईल. दोन्ही वर्ग खरे बोलत असतील, आणि तरीही त्यांचे भांडण जुंपेल. पृथ्वी सूर्याभोवती वर्षभर एकाच वेगाने फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे, यामुळे हा फरक पडतो. परंतु तो फरक प्रथम ध्यानात केव्हा येतो? दोन्ही वर्गांनी आपापल्या मोजणीची तारीख लिहून ठेवली असेल, तेव्हाच. तसेच मे महिन्याच्या २१ तारखेच्या आणि जुलैच्या २३ तारखेच्या सुमारास वाशीमला सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि ताठ काठीची सावली क्षणभर नाहीशीच होते. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेले; तेव्हा हे नवल मे महिन्यात घरच्या अंगणातच पाहावे हे बरे.

आता तो दुसरा ग्रंथ. भास्कराचार्यांचा जन्म १११४ साली झाला. त्यांनी ११८३ साली पंचांगाच्या गणितासाठी 'करणकुतूहल' हा ग्रंथ रचला. आज सारे जग इंग्लंडातील ग्रिनिचच्या रेषेपासून रेखांश मोजते. तशी प्राचीन भारतीय ज्योतिषांची स्वतःची एक मध्यरेषा होती. ती लंकेपासून निघून उज्जयिनीवरून, कुरुक्षेत्रावरून उत्तरेस मेरूपर्यंत जाते, असे ते मानीत. भास्कराचार्यांनी या रेषेवरील स्थळे सांगितली आहेत. त्यांत कांची आहे, पर्यली म्हणजे बहुधा आपली परळी आहे, आणि वत्सगुल्मही आहे. वाशीम शहरात मध्यमेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या नावाचा संबंध लोक या मध्यरेषेशी जोडतात.

एवढ्या थोर गणितज्ञाने सांगितले, ते खरेच असणार, असे आपल्याला वाटेल. येथेच आठवड्याचा दुसरा प्रश्न फळ्यावर लिहावा : 'वाशीम आणि उज्जैन एकाच रेखावृत्तावर आहेत काय?' नकाशासंग्रह उघडावा आणि पट्टी लावून पाहावे. उज्जैन सुमारे पाऊणशे अंशांच्या पुढे, ७५ अंश ४७ मिनिटांवर सापडेल. परळी साडेशहात्तर अंशांवर. कुरुक्षेत्र ७७ अंशांच्या किंचित अलीकडे. वाशीम ७७ अंशांच्या किंचित पलीकडे. आणि कांची तर ८० अंशांना टेकलेली. म्हणजे ही स्थळे एका रेषेवर नाहीत. वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सुमारे १४० किलोमीटर सरकलेले आहे.

पुष्कळ मुले येथे थांबतील आणि 'भास्कराचार्य चुकले' असे लिहून वही मिटतील. परंतु हे अर्धेच उत्तर झाले. ते एवढेच का चुकले, अधिक का चुकले नाहीत, हा खरा प्रश्न आहे. उत्तर-दक्षिण अंतर मोजणे त्या काळीही सोपे होते. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो हे पाहिले, की झाले. पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यासाठी मात्र दोन गावांच्या स्थानिक वेळांतील फरक कळावा लागतो. दोन गावांत एकाच क्षणी दिसणारी घटना कोणती? चंद्रग्रहण. उज्जयिनीचा ज्योतिषी ग्रहण लागल्याची घटका टिपून ठेवील, वत्सगुल्माचा ज्योतिषी आपली घटका टिपील, आणि पुढे केव्हातरी दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातील. वेळ मोजण्याचे साधन कोणते, तर पाण्यात ठेवलेले तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र. ते भरून बुडाले म्हणजे एक घटका, म्हणजे आपली २४ मिनिटे, झाली. आणि उज्जैन व वाशीम यांच्या वेळांतील खरा फरक आहे जेमतेम साडेपाच मिनिटांचा, म्हणजे साडेतेरा पळांचा! शिवाय पृथ्वीच्या सावलीची कड चंद्रावर धूसर दिसते. ग्रहण लागले ते नेमके कोणत्या क्षणी, यावरच दोन माणसांचे एकमत होणे कठीण. अशा साधनांनी साडेतेरा पळे निसटून गेली, यात नवल ते काय? हे सारे वाचून ज्याने आपल्या वहीतील 'चुकले' हा शब्द खोडून त्याजागी 'त्या साधनांनी एवढेच मोजता येत होते' असे लिहिले, त्याने त्या आठवड्याचे चीज केले, असे मी म्हणेन.

भास्कराचार्यांना स्वतःलाही प्रश्न घालण्याची मोठी हौस होती. त्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ ११५० सालचा. अंकगणिताचा असूनही तो मोर, साप, कमळे आणि माकडे यांनी भरलेला आहे. त्यातील एका उदाहरणात भुंग्यांचा थवा आहे. थव्याचा पाचवा भाग एका फुलाकडे गेला, तिसरा भाग दुसऱ्याकडे. या दोहोंतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या फुलाकडे गेले. आणि एकच भुंगा दोन सुगंधांच्या मोहात पडून अधांतरी भिरभिरत राहिला. तर भुंगे किती? उत्तर मी येथे देत नाही. तुमच्यापुढे आठवडा आहे.

त्यांचे दुसरे एक उदाहरण मात्र आठवड्यात सुटण्यासारखे नाही. असा एक अंक शोधा, की त्याच्या वर्गाला ६०ने गुणून त्यात १ मिळविला असता येणारी संख्याही पूर्ण वर्ग असेल. हे तुम्हांला चटकन जमेल : ४चा वर्ग १६, त्याची ६०पट ९६०, त्यात १ मिळवून ९६१, आणि हा ३१चा वर्ग आहे. ६०च्या जागी ६२ घ्या. ८ हा अंक लागू पडतो. आता ६१ घेऊन पाहा. साठ आणि बासष्ट यांच्या मधला हा अंक. वाटेल, की पाच-दहाच्या आतच उत्तर मिळेल. पण ते मिळत नाही. शंभरापर्यंत मिळत नाही, लाखापर्यंतही मिळत नाही. जी सर्वांत लहान संख्या चालते, ती २२,६१,५३,९८० ही आहे! दर सेकंदाला एक संख्या तपासली आणि झोपही घेतली नाही, तरी तिथवर पोहोचण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागेल. भास्कराचार्यांनी हे उत्तर चक्रवाल नावाच्या युक्तीने थोडक्या पायऱ्यांत काढून दाखविले. त्यानंतर पाचशे वर्षांनी, १६५७ साली, फेर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या एका मित्राला आव्हान म्हणून एक कूटप्रश्न पाठविला. त्यातही संख्या ६१च होती. फेर्माला भास्कराचार्यांचे नावही ठाऊक नव्हते. दोन देशांतील दोन माणसांना एकाच अंकाने खिजविले.

गणितात एकदा उत्तर आले, की ते ताडून पाहता येते आणि वाद मिटतो. सृष्टीतील प्रश्न इतके सरळ नसतात. वाशीमच्या पश्चिमेस शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो गोल खळगा काळ्या खडकात कोरल्यासारखा दिसतो आणि त्याच्या तळाशी खारे पाणी आहे. हा खळगा कसा झाला? लोकांनी सांगितले, येथे लवणासुर राहत होता. विष्णूने त्याचा वध केला. ही कल्पना होय, आणि सुंदर कल्पना होय. पाणी खारे का, याचेही कारण तिने आपल्या परीने दिले आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुष्कळ काळ विद्वानांना वाटे, की हे ज्वालामुखीचे मुख असावे. दख्खनचा सारा खडक लाव्हारसाचाच बनलेला. तेव्हा ही कल्पनाही काही वेडगळ नव्हती. पुढे तिसरी कल्पना निघाली : आकाशातून पडलेल्या एखाद्या प्रचंड पाषाणाने हा खळगा पाडला असेल. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अमेरिकेतील अशाच एका खळग्याशी लोणारची तुलना केली होती.

तीन उत्तरे झाली. आता ती पारखावयाची. ज्वालामुखीचे मुख असेल, तर भोवतीच्या जुन्या खडकावर नव्या लाव्हारसाचा थर सापडला पाहिजे. दख्खनचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा, आणि खळगा तर त्यामानाने अगदी अलीकडचा. असा नवा थर तेथे सापडला नाही. उलट तळाशी खडकाचा चुराडा सापडला, आणि त्या चुराड्यात मॅस्कलिनाइट नावाची काच सापडली. खडकातील एका खनिजावर एकाएकी भयंकर दाब पडला, तरच ही काच बनते. ज्वालामुखीच्या उष्णतेने ती बनत नाही. हा पुरावा भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. अलेक्झांडरपासून मोजले, तर प्रश्नास १५० वर्षे झाली होती! आणि तो पुरता संपला आहे असेही नाही, कारण खळग्याचे वय किती याबद्दल शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. लवणासुराची कथा लोणारला आजही सांगितली जाते. ती गोष्ट म्हणून ऐकावी; ती ऐकताना कोणी काचेचे तुकडे पुढे करू नयेत.

दीडशे वर्षे थांबण्याची सवड शास्त्रज्ञाला असते. शेतकऱ्याला नसते. वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा आहे. जून महिना लागला, की घरोघर पोती उघडली जातात आणि एकच प्रश्न उभा राहतो : हे बियाणे उगवेल काय? दाणा पिवळा, टपोरा, चकचकीत दिसतो. विकणारा खात्री देतो. शेजारी म्हणतो, 'मागच्या वर्षी माझे छान उगवले.' यांपैकी कोणत्याही गोष्टीवरून प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार नाजूक असते. मळणीच्या यंत्राचा फटका बसला, किंवा पोती उंचावरून आपटली गेली, की बाहेरून धड दिसणाऱ्या दाण्यातील अंकुरही मरून जातो. २०२० सालच्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या. पेरलेले वाया गेले, दुसऱ्यांदा बियाणे आणावे लागले, आणि पावसाचे पहिले दिवस हातचे निघून गेले. अशा वर्षी घरात काय बोलणे चालते, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावे लागत नाही.

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची रीत अगदी सोपी आहे, आणि तिला लागणारा काळही बरोबर एका आठवड्याचा आहे. पोत्यातील वरचे दाणे घेऊ नयेत. वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ काढून ती मिसळावी, आणि त्यांतून न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावेत. 'न निवडता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हात आपोआप चांगल्या दाण्याकडे वळतो आणि आपण आपल्यालाच फसवतो. गोणपाटाचा तुकडा पाण्यात भिजवून पसरावा, त्यावर दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरा ओला तुकडा घालून हलकेच गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवावी. रोज थोडे पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. शंभरांपैकी ७० किंवा त्याहून अधिक दाण्यांना कोंब आले असतील, तर ते बियाणे पेरणीयोग्य समजतात आणि हेक्टरी ७५ किलो पेरावे असे कृषी विभाग सांगतो. त्याहून कमी उगवले, तर बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे लागते, आणि फारच कमी उगवले, तर ते पोते पेरणीसाठी वापरीत नाहीत.

हे काम घरातील अकरा-बारा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने अंगावर घ्यावे असे आहे. दाणे शंभर का घ्यावयाचे, दहाच घेतले तर काय बिघडेल? दोन गुंडाळ्या केल्या आणि एकीत ७४ व दुसरीत ६६ दाणे उगवले, तर खरे कोणते धरावयाचे? न उगवलेले दाणे कुजले आहेत, की नुसतेच कडक राहिले आहेत, आणि त्या दोहोंची कारणे एकच असतील काय? गुंडाळी उघडण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून ठेवावा, आजोबांचाही लिहावा. मग मोजणी करावी. आणि शंभरांपैकी साठच दाणे उगवलेले निघाले, तर हेक्टरी ७५ किलोऐवजी किती किलो बियाणे न्यावे लागेल, हे वडिलांनी विचारण्यापूर्वीच हिशेब करून ठेवावा.